डाव्या कडेला मऊ

१

सकाळी सहाला सोळाच्या सोळा संडास तुंबले, तेव्हा वस्तीला वाटलं, पुन्हा कुणीतरी चिंध्या टाकल्या असतील. बायका नाकाला पदर लावून शिव्या मोजत उभ्या राहिल्या. साडेसहाला मागच्या अंगणातलं टाकीचं झाकण उघडलं आणि सगळ्यांची तोंडं एकदम बंद झाली.

काळ्या पाण्यावर शर्टाची पाठ तरंगत होती.

झाकण उघडलं होतं आईनं. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली किल्ली तिनं नेहमीसारखी वाकून कुलपाला लावली, दोन बायकांनी लोखंडी झाकण सरकवलं, आणि आई तशीच वाकलेली राहिली. शेजारी तिची मुलगी उभी होती. एका हातात मोजायची काठी, दुसऱ्या हाताखाली नोंदवही. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला होती आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी मानत नसे, म्हणून वस्ती तिला मोजपट्टी म्हणायची.

"बगळा आहे हा," मागून कुणीतरी म्हणालं.

बगळा म्हणजे मैल्याच्या टँकरवरचा पाइपवाला. उंच, काडीसारखा. पाइप धरून उभा राहिला की एक पाय दुसऱ्या पायाला लावून उभा राहायचा. ठेकेदाराच्या गोदामात झोपायचा. त्याला घर नव्हतं, त्यामुळे तो दिसत नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

दोरानं ओढून त्याला बाहेर काढलं. टाकीतून नाल्याकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी तो येऊन अडकला होता, म्हणून संडास तुंबले होते. त्याच्या उजव्या खांद्यावर राखाडी थेंब होते, वाळून घट्ट बसलेले. मोजपट्टीनं ते पाहिले. मग तिनं टाकीच्या डाव्या कडेकडे पाहिलं. काल सकाळी इथंच तिनं काठी सोडली होती. वहीतलं कालचं पान तिला आठवलं, आणि वही तिनं काखेत आणखी घट्ट दाबली.

फौजदार आला. त्यानं फार काही विचारलं नाही. विचारायला फार काही नव्हतंच.

"कुलूप शाबूत होतं?"

"हो," आई म्हणाली.

"किल्ल्या किती?"

"एकच. ही."

"कुणाला दिली होती? हरवली होती? रात्री काढून ठेवता?"

"साहेब, तीन वर्षांपूर्वी याच टाकीत एक माणूस उतरला आणि मेला. तेव्हापासून वस्तीनं देखरेख मंडळ केलंय. माणूस आत उतरवायचा नाही, गाळ टँकरनंच काढायचा, झाकणाची किल्ली मंडळाच्या अध्यक्षाकडे. मी अंघोळीलासुद्धा ती काढत नाही."

खरं बोलण्याची खोड माणसाला कशी गोत्यात आणते, ते मोजपट्टीनं त्या क्षणी डोळ्यांनी पाहिलं. फौजदार मान हलवत लिहीत होता.

ठेकेदाराचा मुकादम पुढं झाला. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. "साहेब, मी कुणावर आळ घेत नाही. पण तीन आठवडे या अध्यक्षीणबाई त्या पोराच्या मागे लागल्या होत्या. गाळ काढ, गाळ काढ. काल संध्याकाळी सहाला तो माझ्यासमोर चहा प्यायला. चांगला धडधाकट होता. त्यानंतर कुणी झाकण उघडून दिलं, ते किल्लीलाच विचारा."

फौजदारानं तेही लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाला, पाण्यातलं प्रेत आहे, मेला कधी ते लगेच छातीठोकपणे सांगता येणार नाही.

"बाई, चार वाजता गाडी पाठवतो," फौजदार उठत म्हणाला. "सोबत कपडे घ्या."

२

घरात आईनं स्टो पेटवला, विझवला, पुन्हा पेटवला.

"किल्ली तासभर हरवली होती म्हणून सांग," मोजपट्टी म्हणाली.

"हरवली नव्हती."

"आई, ते तुला आत टाकतील!"

"टाकू देत. मी खोटं बोलले तर उद्या तुझ्या वहीवर कोण विश्वास ठेवेल? मुकादमाला तेच तर हवंय."

तिला आईची भीती वाटत होती. आईसाठी नव्हे, आईचीच. कारण मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा आई मोरीत बसून कोपरापर्यंत हात घासत होती. साबण संपला तरी घासत होती. घरभर फिनेलचा वास होता.

"मंगळवारी कुठं गेली होतीस?"

आईचा हात स्टोच्या चावीवर थांबला. मंगळवारी तिच्या शिवणकामाच्या कारखान्याला सुट्टी असते.

"कुठं नाही."

"मग हात कसले धूत होतीस?"

"पोरी," आई शांतपणे म्हणाली, "ते मी कुणाला सांगणार नाही. तुलासुद्धा."

आयुष्यात पहिल्यांदा आई तिच्यापासून काहीतरी लपवत होती. घड्याळात साडेनऊ वाजले होते.

३

वर्कशॉपमध्ये टँकर पोट उघडून उभा होता. टँकरवाला त्याच्याखाली आडवा पडून नट आवळत होता. मोजपट्टीच्या चपला दिसताच त्याचे हात थांबले.

"शुक्रवारपासून पंप बंद आहे," न विचारताच तो म्हणाला. "मी इथंच आहे. मेस्त्रीला विचार."

"काका, मला वेगळंच विचारायचंय."

मंडळाची मोजणी साधी होती. काठीला पांढरं फडकं गुंडाळायचं, झाकणातून टाकीच्या तळाला टेकवायची, जरा थांबून वर काढायची. पाण्यानं फडकं नुसतं ओलं होतं, गाळानं काळं होतं. काळं किती ते वितीनं मोजायचं. एक वीत असेल तर सही, जास्त असेल तर नाही. सही नाही तर ठेकेदाराचं काम अपुरं. तीन वेळा सही अडली की ठेका गेला.

"लागोपाठ दोन गुरुवारी तुम्ही टाकी उपसली," ती म्हणाली. "दोन्ही वेळा काठीला तीन विती काळं लागलं. मी सही केली नाही. मग काल, बुधवारी, मुकादम स्वतः सकाळी दारात. म्हणे, आज मोजा. मोजलं तर एक वीत. दोन विती गाळ गेला कुठं?"

टँकरवाला गाडीखालून बाहेर आला. तोंड पुसण्याच्या निमित्तानं त्यानं चेहरा फडक्यात लपवला.

"मुकादम काय म्हणाला?"

"म्हणाला, जंतूंची नवी पावडर आलीय. भांड्यांतून सोडली, ती गाळ खाते."

"आणि तू एवढी शिकलेली. खरं वाटलं तुला?"

सहा दिवसांत दोन विती गाळ खाणारे जंतू जगात नाहीत, हे तिला काल सकाळीही माहीत होतं. पण दोन आठवडे वस्ती तिच्यावर चिडली होती. म्हणत होती, ही सही करत नाही आणि आमची पोरं वासानं आजारी पडतात. काल एक वीत निघाली तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"तो खालचा थर दगड झालाय, पोरी," टँकरवाला हळूच म्हणाला. "आमचा पाइप वरचं पातळ ओढतो. आणि तुझी काठी मोजते खालचं. मी मुकादमाला म्हटलं होतं, मोठी गाडी बोलवा, पाण्याच्या फवाऱ्यानं फोडावा लागेल. तो म्हणाला, बघतो काय करायचं."

"मग काय केलं त्यानं?"

"मला पोरंबाळं आहेत." तो पुन्हा गाडीखाली सरकला. खालून, लोखंडाला सांगावं तसा, त्याचा आवाज आला. "गाळ दोनच गोष्टी काढतात. पाइप, नाहीतर माणूस."

४

माणूस उतरला. पण कुठून?

झाकण गेल्या गुरुवारपासून बंद. मध्ये एकदाच उघडलं, बुधवारी सकाळी, चाळीस जणांसमोर, आणि त्यांच्यासमोरच लागलं. किल्ली आईच्या गळ्यात. आई खोटं बोलत असेल तर प्रश्नच मिटला. ती खरं बोलत असेल तर टाकीला दुसरं तोंड असलं पाहिजे.

मोजपट्टी संडासाच्या ओळीसमोर उभी राहिली. पोलिसांनी दोरी बांधली होती, आत फक्त कडीमावशी होती. ती इथली राखणदार. गुडघे गेलेली, पण जिभेला म्हातारपण आलं नव्हतं. आत कुणी जास्त वेळ बसलं की बाहेरून कडी वाजवायची, "झोपलीस काय गं भवाने?" म्हणून तिचं नाव कडीमावशी.

आज ती बोलत नव्हती. हाताला ओलं फडकं गुंडाळून पायरीवर बसली होती.

"मावशी, हाताला काय झालं?"

"फिनेल लागलं."

"दाखव."

"नको गं."

मोजपट्टी एकेका दारावरून पुढं गेली. एक ते आठ, तुंबलेलं पाणी ओसरून मागं राहिलेली घाण. नऊ नंबरला 'बंद' अशी पाटी, तीन आठवड्यांपासूनची. नऊ नंबर बरोबर टाकीच्या डाव्या कडेवर होता.

"याचं भांडं कधी बसवलं?"

"झाले की तीन आठवडे. सिमेंट वाळायला ठेवलंय."

दार ढकलून ती आत गेली. भांडं नवं कोरं. त्याच्याभोवती सिमेंटचा हातभर रुंद पट्टा, त्यावर ओलं पोतं. या संडासांत मधे वाकडा नळ नव्हता. भांडं उचललं की खाली थेट टाकी. बगळ्यासारखा काडीपैलवान सहज उतरेल एवढं भोक.

तिनं वेणीतली पिन काढली आणि सिमेंटवर ओढली. पांढरी रेघ उमटली. जोरानं ओढली तर कण निघाले. तीन आठवडे ओलं ठेवलेलं सिमेंट पिनेलाच वाकवतं. हे जेमतेम दोन दिवसांचं होतं.

आणि राखाडी थेंब. शर्टाच्या खांद्यावरचे, वाळून घट्ट बसलेले.

सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. ते थेंब वरून पडले होते. इथून. कुणीतरी इथं वाकून, थापीनं हे भोक बुजवत असताना बगळा खाली होता.

"मावशी," ती बाहेर येऊन म्हणाली. "मंगळवारी इथं काय झालं?"

कडीमावशीनं ओळीच्या टोकाकडे पाहिलं. तिथं मुकादम खिशातलं पेन उघडझाप करत उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे.

"काय मोजताय, मॅडम?" तो हसून म्हणाला. "मोजमाप झालं असेल तर घरी जा. आईचे कपडे भरायचे असतील ना."

कडीमावशी पुटपुटली, ओठ न हलवता. "तुझी आई दर मंगळवारी लपून माझ्याबरोबर संडास धुते. माझ्या गुडघ्यांनी होत नाही म्हणून. ठेकेदाराला कळलं तर मला काढेल, म्हणून ती कुणाला बोलत नाही. या मंगळवारी मी तिला दारातूनच परत पाठवलं. गडबडीत फिनेलचा डबा तिच्या हातावर सांडला. जा आता. जा गं बाई, तो बघतोय."

५

चारला पाच मिनिटं कमी असताना गाडी आली. आई पिशवी घेऊन अंगणात उभी होती. वस्ती भिंतींना, दारांना चिकटून उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मुकादमाच्या एका फोनवर वस्तीच्या नळाचं पाणी तुटतं, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

"साहेब, तो झाकणातून उतरलाच नाही," मोजपट्टी म्हणाली.

नऊ नंबरचं भोक, पिनेची रेघ, खांद्यावरचे थेंब, पंप बंद असूनही गेलेला दोन विती गाळ, सगळं तिनं एकेक करून सांगितलं. शनिवारपासून रोज दुपारी बारा ते तीन संडास 'धुण्यासाठी' बंद होते, हे दोन बायकांनी घाबरत घाबरत सांगितलं. मोटारीनं वरचं पाणी नाल्यात सोडलं जात होतं, हे तिसरीनं.

फौजदारानं मुकादमाकडे पाहिलं.

मुकादम हसला.

"बरोबर आहे की! भांडं मंगळवारीच बसवलं. मावशी म्हातारी, तिच्या ध्यानात नाही राहत. आणि पोरगा सिमेंटचीही कामं करतो, लागले असतील थेंब. पण मॅडम, तुम्हीच सांगता, भोक मंगळवारी बंद झालं. आणि बगळा बुधवारी संध्याकाळी जिवंत होता, साहेबांच्या कागदावर आहे. मग भोक बंद झाल्यावर तो उतरला कुठून? राहिलं काय? झाकणच." त्यानं आईच्या गळ्याकडे बोट केलं. "तुमच्याच हिशोबानं तुमचीच आई."

फौजदारानं सुस्कारा सोडला. "बाई, चला."

आई एक पाऊल पुढं गेली.

सगळं एका बुधवारवर येऊन थांबलं होतं. बगळा बुधवारी जिवंत होता की नव्हता? आणि याचं उत्तर या अंगणात एकाच जागी लिहिलेलं होतं. मोजपट्टीच्या काखेत. सकाळपासून तिनं ती वही उघडली नव्हती. उघडली की आई सुटणार होती. आणि उघडली की पुन्हा कधी ती मिटता येणार नव्हती.

तिनं वही उघडली.

"बुधवार, सकाळी दहा," ती वाचू लागली. तिचा आवाज इतका बारीक होता की फौजदार जवळ आला. "मध्यभागी एक वीत. उजव्या कडेला एक वीत. डाव्या कडेला..."

"वाचा."

"डाव्या कडेला मऊ. काठी रुतत नाही. दाबली तर उसळी मारते."



"गाळ असता तर काठी रुतली असती," ती म्हणाली. "तळ असता तर टक्क वाजली असती. दाबल्यावर उसळी मारणारं टाकीत काही नसतं. डावी कडा म्हणजे नऊ नंबरच्या खाली. बुडालेलं माणूस आधी तळाशी असतं, मग दिवसा-दोन दिवसांनी फुगून वर येतं. बुधवारी तो तळाशी होता. आज वर आला आणि नळीशी अडकला. तुमच्यासमोर संध्याकाळी सहाला चहा प्यायला म्हणता, तो सकाळी दहाला माझ्या काठीखाली होता."

"वही तिच्या घरची!" मुकादम ओरडला. "आज लिहिलं असेल!"

मोजपट्टीनं पान फौजदारासमोर धरलं. नोंदीच्या खाली दोन सह्या होत्या. एक तिची. दुसरी मुकादमाची, घाईघाईत, न वाचता केलेली, नेहमीसारखी, खिशातल्या पेनानं.

पेनाचं टोपण मुकादमाच्या हातून खाली पडलं. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

६

कडीमावशीनं हाताचं फडकं सोडलं. बोटांची टोकं सोललेली, पांढरी पडलेली. सिमेंटनं भाजलेली.

"माल मी कालवला, साहेब. भांडं या मुकादमानं बसवलं." ती पायरीवरून उठली नाही. "चार दिवस उतरवला त्याला. म्हणाला, गाळ निघाला की काठी बोलेल आपल्या बाजूनं. मंगळवारी बगळ्यानं खुणेचा दोर हलवला नाही. मी हाका मारल्या. मी म्हटलं, अहो, कण्हतोय तो. हा म्हणाला, पाणी वाजतंय. वर काढला तर आपण दोघं जेलात, आणि तुझी खोली पण जाईल. मग मी... मला दुसरी खोली नाही, साहेब."

आई तिच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांची मैत्रीण. तिच्यासाठी तिनं दिवसभर तोंड उघडलं नव्हतं.

पोलिसांनी मुकादमाला गाडीत बसवलं. जाता जाता तो कुणालाच काही बोलला नाही, फक्त नळाकडे बघून हसला, आणि त्या हसण्यानं चार बायका हंडे आणायला घरात पळाल्या.

कडीमावशीला नेताना ती मोजपट्टीसमोर थांबली.

"बुधवारी मी इथंच उभी होते," ती म्हणाली. "तू काठी सोडलीस. मनात म्हटलं, ही मोजपट्टी आहे, हिला कळेल. हिनं विचारलं की मी सांगून टाकेन. देवाशप्पथ सांगणार होते. तुझी काठी डावीकडे थांबली. माझा श्वास थांबला." तिनं सोललेल्या बोटांनी मोजपट्टीच्या दंडाला हात लावला. "आणि तू लिहिलंस. आणि पान उलटलंस."

फौजदारानं पुरावा म्हणून वही मागितली. मोजपट्टीनं ती दोन्ही हातांनी पुढं केली, तेव्हा त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "मऊ लागलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?"

"वाटलं, काय असेल ते मोजून झालंय," ती म्हणाली. "एक वीत भरली होती ना."

पुढच्या गुरुवारी मोठी गाडी आली, फवाऱ्याची. वस्तीनं नवी वही आणली होती. आईनं गळ्यातली किल्ली लावली, झाकण सरकलं, चाळीस माणसं अंगणात उभी राहिली, या वेळी जरा लांबच. मोजपट्टीनं काठीला फडकं गुंडाळलं. मध्यभागी. उजवी कडा.

डाव्या कडेवर तिनं काठी पाण्यात सोडली आणि हात थांबला. खाली काय लागतंय ते तिला कळत होतं, गाळ होता, नुसता गाळ, काठी रुतली. तरी तिनं काठी वर काढली नाही. पुन्हा दाबली. पुन्हा.

"किती?" नवीन मुकादमानं पेन उघडून विचारलं.

"थांबा," ती म्हणाली. मान वर न करता, अंगणातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तिनं विचारलं, "आधी सांगा, तुमच्या गाडीवर सकाळी किती माणसं होती? सगळी इथं माझ्यासमोर उभी करा. मग सही."